९४ सेंटिमीटरच्या खाली

युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बाई धुणं घेऊन बसते, तेव्हा तान्हं मूल तिच्याजवळच असतं. त्याला टबात बसवायचं, सरोवराचंच पाणी अंगावर ओतायचं, की आंघोळ झाली. गोगलगायींमधून बाहेर पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या त्या पाण्यात असतात आणि काही मिनिटांत कातडीतून आत शिरतात. मुलानं सरोवरात पाऊलही न टाकता शिस्टोसोमियासिस हा आजार त्याला गाठतो. तेच पाणी दोन दिवस साठवून ठेवलं तर अळ्या मरतात. पण डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईनं दोन दिवसांचं पाणी साठवायचं कशात?

अंगात शिरलेल्या अळ्यांचे कृमी होतात आणि ते रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षं जगतात. खरा त्रास त्यांच्या अंड्यांचा. बाहेर न पडलेली अंडी यकृतात, आतड्यात रुततात. एका जातीची मूत्राशयात आणि बाईच्या जननमार्गात. मुलाचं रक्त कमी होतं, वाढ खुंटते. बाईच्या जखमा लैंगिक आजाराच्या समजल्या जातात आणि बोल तिलाच लागतो.

प्राझिक्वान्टेल हे औषध १९७०च्या दशकापासून आहे. स्वस्त आहे, एका वेळच्या डोसात काम करतं. पण वाटप झालं ते मुख्यतः शाळांतून. किती गोळ्या द्यायच्या हे वजनाऐवजी उंचीवरून ठरवायला खुणांची काठी वापरत. तिची पहिली खूण ९४ सेंटिमीटरवर. त्याहून बुटक्या मुलाला काहीच नाही. शिवाय ६०० मिलिग्रॅमची ती कडू, मोठी गोळी दोन वर्षांच्या मुलाच्या घशाखाली उतरणार कशी?

गरोदर बाईलाही वगळलं गेलं, कारण तिच्यावर चाचणी झालेली नव्हती. आणि चाचणी झाली नाही, कारण ती गरोदर होती. द्यायला हरकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ मध्येच सांगितलं, तरी अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं हात आखडताच राहिला. जिथं बाळंतपणं एकापाठोपाठ येतात, तिथं असं वगळणं म्हणजे उमेदीची कित्येक वर्षं औषधाविना काढणं. या सावधगिरीचा मला राग येतो. तिनं औषधाचा धोका मोजला, आजाराचा मोजलाच नाही. पुढे युगांडा आणि फिलिपिन्समध्ये गरोदर स्त्रियांवर चाचण्या झाल्या; औषधानं बाळाला अपाय झाल्याचं दिसलं नाही.

संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षांपुढची मुलं, पहिल्या तीन महिन्यांनंतरच्या गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना वाटपात घेतलं. लहानग्यांसाठी पाण्यात विरघळणारी १५० मिलिग्रॅमची गोळी तयार झाली. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या गोळीला डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय औषध संस्थेनं अनुकूल मत दिलं. तिची गरज असलेली मुलं सुमारे पाच कोटी.

 

आता गोळी आहे, पण ही मुलं शाळेत भेटणार नाहीत. ती भेटतात लसीकरणाच्या दिवशी, आणि त्यांच्या आया गरोदरपणाच्या तपासणीला. गोळ्यांचा डबा त्या टेबलावर हवा, दोघांसाठी. आणि तो दरवर्षी भरलेला हवा, कारण प्राझिक्वान्टेल मोठे झालेले कृमी मारतं. नुकत्याच शिरलेल्यांवर त्याचा फारसा असर होत नाही आणि उद्या शिरणाऱ्यांना ते अडवत नाही. त्यांना अडवायला गावात नळ आणि संडासच लागतात.