वाचकाला उभं कुठे करायचं?

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला वाचकाकडून शेवटी हवं तरी काय असतं, यावर मराठीत पूर्वी भरपूर शाई सांडली. फडके रंजनाच्या बाजूने, खांडेकर जीवनाच्या. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा वाद इतका घोळवला गेला, की या सगळ्यात वाचक नेमका कुठे बसला आहे, हे विचारायचंच राहिलं. मला वाटतं, लेखकाची खरी धडपड त्याच जागेसाठी असते. प्रसंग घडताना वाचकाने कोणाच्या बाजूला, कोणाच्या अंगात उभं राहायचं, हे तो ठरवत असतो. पटणं, रडू येणं, चीड येणं हे त्यानंतरचं.

नाशिककराला याची दोन उदाहरणं घराजवळच सापडतात. इंदिरानगरातून नाशिकरोडकडे गेलं की मध्यवर्ती कारागृह आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. नाशिकरोडलगतच्या विहितगावात जन्मलेले बाबूराव बागूल तेव्हा अडीच वर्षांचे होते. पुढे तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला.

गुरुजींनी हेतू लपवला नाही. वाचकाच्या मनात आईविषयी प्रेम, भक्ती, कृतज्ञता जागी व्हावी, हे त्यांनी उघडच सांगितलं. (हे आत्मकथन की कादंबरी, याचा निवाडा अभ्यासकांनी करावा; कथाकाराची सगळी हत्यारं त्यात आहेत.) हेतू पुरता साधला. अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला आणि पुस्तक न वाचलेलेही रडले.

पण त्याच पुस्तकातला एक प्रसंग पाहा. एका म्हाताऱ्या महार बाईला खाली पडलेली मोळी उचलता येत नाही. आई श्यामला सांगते, तिच्या डोक्यावर मोळी दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. त्या काळी एवढं करणंही धाडसाचंच होतं, याबद्दल शंका नाही. मात्र वाचक इथे श्यामच्या शेजारी उभा आहे. हात त्याचा, पुण्य त्याचं, नंतरची आंघोळही त्याचीच. मोळीचं ओझं कसं असतं हे त्याला कळत नाही. आपण चांगले आहोत, एवढं कळतं.

बागुलांनी वाचकाला नेमकं तिथून हलवलं. त्यांच्या शीर्षककथेतला तरुण परगावी रेल्वेत नोकरीला लागतो. जात सांगायची नाही, एवढाच त्याचा गुन्हा. सोबतचे लोक त्याला जवळ करतात, घरी बोलावतात, त्याच्या हुशारीचं कौतुक करतात. कथा 'मी'ची असल्यामुळे वाचकही त्याच्याबरोबर जात चोरतो. प्रत्येक साध्या प्रश्नाला दचकतो, ताटावर बसल्यावर घास अडकतो. शेवटी मार बसतो तेव्हा वाचकाची पंचाईत होते. पाठ आपली, आणि मारणारे हातही ओळखीचे. न्यायाधीशाची खुर्ची त्याच्यासाठी ठेवलेलीच नाही.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या २००९ पासूनच्या उपक्रमामुळे नाशिकमध्ये पुस्तकांच्या पेट्या थेट वस्त्यांत पोचल्या. इंदिरानगरात पुस्तकांच्या गप्पा निघाल्या की 'श्यामची आई'वर सगळे बोलतात. बागुलांचं नाव काढलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "चांगलं आहे हो, पण वाचवत नाही." बागुलांना याहून वेगळी दाद हवी असती, असं मला वाटत नाही.

रडणं फुकट जातं, असं मी म्हणत नाही. पण त्याची मर्यादा साने गुरुजींच्याच चरित्रात दिसते. 'श्यामची आई' १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचं दार अस्पृश्यांना उघडावं म्हणून गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. बारा वर्षं महाराष्ट्र हे पुस्तक वाचून गहिवरत होता, तरी त्या दाराचं कुलूप हललं नव्हतं. गुरुजी स्वतः आपल्या पुस्तकाच्या कितीतरी पुढे गेले. वाचक श्यामजवळच थांबले, कारण तिथे बरं वाटतं.

उलट बाजूही आहे. 'आम्ही दलित साहित्य वाचतो' हे सांगण्यापुरतं बागूल वाचणारे कमी नाहीत. कोणतीही जागा सरावाची झाली की तिथे खुर्ची टाकून बसता येतं. त्याला लेखकाचा इलाज नाही. वाचकाला तो पुस्तकापर्यंत आणू शकतो, पुस्तकातून घरी पोचवू शकत नाही.

म्हणून वाचन मंडळं चालवणाऱ्यांना एक सुचवणं आहे. ही दोन पुस्तकं एकाच महिन्यात वाचायला घ्या, आधी 'श्यामची आई', मग बागूल. आणि चर्चेला बसताना पुस्तक आवडलं का, हे विचारू नका. मोळीच्या प्रसंगात तुम्ही कुठे उभे होतात, ते विचारा.