आशेचं ओझं कुणी वाहायचं?

लिहिणाऱ्या माणसानं निराश होऊ नये, असं सगळेच सांगतात. का होऊ नये, हे सहसा कुणी सांगत नाही. निराशेला पुरेशी कारणं समोर असताना आशा बाळगणं हा गुण आहे की स्वतःची फसवणूक, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. मी कथा लिहितो. वीस वर्षांत दोन संग्रह झाले. दुसऱ्याची आवृत्ती ५०० प्रतींची होती आणि तिच्यातले तीन गठ्ठे अजून माझ्या माळ्यावर आहेत. त्यामुळे माझ्यापुरता तरी हा प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही.

आधी निराशा म्हणजे नेमकं काय, ते बघू. पूर्वी मासिकाला कथा पाठवताना सोबत आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायची पद्धत होती. कथा नको असेल तर त्या पाकिटातून ती 'साभार परत' यायची. माझ्याही आल्या. पोस्टमनच्या हातातल्या पाकिटाची जाडी पाहूनच काय ते कळायचं. वाईट वाटायचं, एखादा दिवस जेवणात लक्ष लागायचं नाही. पण कुणीतरी कथा उघडली, निदान चार पानं वाचली आणि नको म्हटलं, एवढं त्यातून समजायचं. आता ईमेल जाते. दिवाळी अंकाची मुदत संपते, अंक बाजारात येतो, पुढच्या वर्षीचं आवाहनही येतं, आणि आपल्या कथेचं काय झालं ते कळत नाही. या दुसऱ्या निराशेत कुणाचा राग येत नाही, कारण राग धरायला समोर कुणी नसतंच. माझ्या ओळखीतली जी माणसं लिहायची थांबली, ती नकारांमुळे थांबली नाहीत. या शांततेमुळे थांबली.

अशा वेळी जे दिलासे दिले जातात त्यांतला पहिला म्हणजे थोरामोठ्यांच्या गोष्टी. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' १८५१ साली आली, फारशी खपली नाही. पुढे त्यानं न्यूयॉर्कच्या बंदरात जकात निरीक्षक म्हणून १९ वर्षं नोकरी केली. १८९१ साली तो गेला तेव्हा लोक त्याला जवळजवळ विसरले होते. आज ती कादंबरी अमेरिकन साहित्याच्या शिखरावर मानली जाते. म्हणून, तूही धीर धर.

या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष खरा नाही. मेलव्हिलचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण नंतर कुणाला तरी तो सापडला. ज्यांची बाडं सापडली नाहीत, रद्दीत गेली, वाळवीनं खाल्ली, त्यांची नावं आपण घेऊ शकत नाही. म्हणून हिशेबात त्यांना धरतही नाही. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दुकानावर लावतात, न लागलेल्यांचे लावायचे तर भिंत पुरणार नाही. शिवाय मेलव्हिलच्या गोष्टीतला दिलासा आपल्याला मिळतो, मेलव्हिलला नाही. तो सकाळी उठून बंदरावर कामाला जात होता तेव्हा त्याच्या हाती काय होतं? शंभर वर्षांनी कुणाला तरी धीर द्यायला आपण उपयोगी पडणार आहोत, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी, फार काही मिळालं असतं असं नाही.

दुसरा दिलासा आपल्या घरचाच आहे. फळाची अपेक्षा सोड, कर्म कर. हा उपदेश मी लहानपणापासून ऐकला, आणि पुष्कळ बाबतीत तो मला पटतो. अंगण झाडणारा माणूस कुणी वाखाणेल म्हणून झाडत नाही. झाडून झालं की अंगण स्वच्छ होतं, काम पुरं झालं. पण लिहिणं असं आपल्यापाशी पुरं होत नाही. भाषा ही मुळात दुसऱ्याला उद्देशून असते. पत्र लिहून पेटीत टाकायचं आणि ते कुणाला मिळो न मिळो, मला काही नाही म्हणायचं, तर पत्र लिहिलं कशाला? वाचलं जाण्याची इच्छा ही लिहिण्याला बाहेरून चिकटलेली हाव नाही. ती वाक्याच्या रचनेतच असते. मी कथेत एखादी गोष्ट आधी सांगतो आणि एखादी मागे ठेवतो, ते समोर कुणीतरी ऐकतं आहे असं धरूनच. तो ऐकणारा काढून टाका, मग कुठलं वाक्य आधी आणि कुठलं नंतर, याला काही अर्थच उरत नाही. वाहवा, पुरस्कार, खप यांची अपेक्षा सोडता येते, आणि सोडावीच. वाचकाची सोडता येत नाही.

म्हणजे एकीकडे आशेला आधार नाही आणि दुसरीकडे आशेवाचून लिहिता येत नाही. बराच काळ मी या दोन्हींच्या मध्ये अडकून होतो.

माझा एक मित्र एसटीत वाहतूक नियंत्रक होता. नोकरीत असताना त्याच्या कथा अधूनमधून छापून यायच्या. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून त्यानं कादंबरी लिहिली, १९७२ च्या दुष्काळातल्या एका तालुक्याच्या गावाची. तीन प्रकाशकांकडे पाठवली. दोघांचं उत्तर आलं नाही, तिसऱ्यानं खर्चाचा अर्धा वाटा मागितला. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात रडगाणं नव्हतं. म्हणाला, "बाड कपाटात ठेवून दिलंय. आता बास. तू खरं सांग, हे कुणी वाचणार आहे का?"

'वाचतील रे' म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही, कारण ते मला माहीत नव्हतं. 'लिहीत राहा' म्हणायचाही मला अधिकार आहे असं वाटलं नाही. थकलेल्या माणसाला थांबायचा हक्क असतो. लिहिणं थांबवणं म्हणजे हार, कमकुवतपणा, असं मानणारे लोक लिहिणाऱ्याच्या आयुष्याचा विचार करत नाहीत, त्याच्यातल्या साहित्याचाच करतात. मी त्याला एवढंच म्हटलं, "बाड मला पाठव." त्यानं थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, "बरं."

त्याच सुमारास काही दुसऱ्या कामासाठी मी बहिणाबाई चौधरींविषयी वाचत होतो. ती हकिगत आपण सगळे शाळेपासून जाणतो, पण या वेळी ती मला वेगळी दिसली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करताना त्यांना गाणी सुचत आणि त्या ती म्हणत. त्यांचा मुलगा सोपानदेव, स्वतः कवी, त्यानं आणि एका नातलगानं त्यांतली जमतील तेवढी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. मग ते हस्तलिखित सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवलं, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली.

या हकिगतीत आशा कुणी बाळगली? बहिणाबाईंनी पुस्तकाची आशा बाळगल्याचं दिसत नाही. त्यांच्यापाशी गाणं होतं आणि ते ऐकणारं कुणी तरी घरात, शेजारी, बांधावर होतं. जपून ठेवण्यासारखं हे आहे, हे ओळखण्याचं काम दुसऱ्या कुणी केलं. काफ्काचंही असंच. त्यानं मित्राला, मॅक्स ब्रोडला, सांगून ठेवलं होतं की माझी अप्रकाशित हस्तलिखितं जाळून टाक. १९२४ साली काफ्का गेला; ब्रोडनं काही जाळलं नाही आणि पुढच्याच वर्षी 'द ट्रायल' प्रसिद्ध केली. मित्राची इच्छा मोडणं योग्य होतं का, हा वेगळा वाद आहे. पण काफ्काची आशा संपली होती, तेव्हा ती ब्रोडपाशी शिल्लक होती, हे तर खरंच. आणि तुकोबांच्या वह्या? इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आख्यायिका. ती सांगतानाच पुष्कळ जण असंही म्हणतात की अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून ते बुडणं शक्यच नव्हतं. मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत. कागद पाण्यात असताना शब्द दुसऱ्यांच्या जवळ सुखरूप असणं, याहून मोठा चमत्कार कुठला?

इथे मला माझ्या प्रश्नातली गाठ सापडली. आशा ही लिहिणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे, ती त्यानं स्वतःच पेटती ठेवायची असते, असं मी धरून चाललो होतो. म्हणून निराशा आली की तो माझा दोष वाटायचा, मनोबल कमी पडल्यासारखं व्हायचं. पण स्वतःच्या लेखनाबद्दल आशा बाळगायला मी सगळ्यांत नालायक माणूस आहे. एका दिवशी मला ते अमर वाटतं, दुसऱ्या दिवशी टाकाऊ, आणि दोन्ही वेळा माझं मत माझ्या झोपेवर अवलंबून असतं. आशा हे काम आहे, आणि ते एकानं दुसऱ्यासाठी करायचं असतं. माझ्या लेखनाबद्दल आशावादी असणं माझं कर्तव्य नाही. दुसऱ्या कुणाचं लेखन नीट वाचणं हे आहे.

यावर आक्षेप येईल की लेखकांनीच लेखकांना वाचायचं आणि एकमेकांना ओवाळत बसायचं, हे तर आपल्याकडे चालूच आहे. पुस्तक प्रकाशनाच्या कार्यक्रमात जे बोललं जातं, ते ऐकून कुणाची निराशा गेल्याचं मला माहीत नाही. पण स्तुती म्हणजे वाचन नाही. स्तुती न वाचताही करता येते, आणि लिहिणाऱ्याला ते बरोबर कळतं. मित्राचं बाड आलं, ३१२ पानांचं, हातानं लिहिलेलं. पहिली साठ पानं मला वाचवेनात. गावाचा इतिहास, नदीचं वर्णन, सगळं आधी कुठे तरी वाचलेलं. मग दुष्काळी कामाचं प्रकरण आलं. खडी फोडणाऱ्या बायका, मुकादमाची हजेरी, मिलोच्या लाल भाकरी, सुकडी वाटपाची रांग, आणि त्या रांगेत पहिल्यांदाच एकामागे एक उभ्या राहिलेल्या दोन भावकीतल्या जावा, ज्या बारा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. ते प्रकरण मी दोनदा वाचलं. पेन्सिलीनं समासात लिहीत गेलो आणि त्याला सांगितलं, पहिली साठ पानं मेलेली आहेत, कादंबरी रांगेपासून सुरू होते.

तो चिडला. नदीच्या वर्णनातल्या एका वाक्यासाठी अर्धा तास फोनवर भांडला. ते भांडण ऐकताना मला बरं वाटत होतं, कारण ज्याचं लिहिणं खरोखर संपलंय तो वाक्यासाठी भांडत नाही. पुढे त्यानं साठातली चाळीस पानं काढली. वीस ठेवली, नदी ठेवली. कादंबरी अजून छापलेली नाही. छापली जाईल का, हे मला आजही माहीत नाही. मात्र 'हे कुणी वाचणार आहे का' हा त्याचा प्रश्न आता तसाच उरलेला नाही. एकानं वाचली आहे. वाचक शून्य असणं आणि एक असणं यांत जे अंतर आहे, तेवढं एक आणि पाचशे यांतही नाही. शून्य वाचकांचं वाक्य अर्ध्यावर लोंबकळत असतं. एका वाचकानं ते पुरं होतं. पाचशे जणांमुळे ते अधिक पुरं होत नाही, फक्त अधिक ठिकाणी होतं.

मग माझं लेखन कोण वाचणार, हे विचारायचा मोह होतोच. याचं उत्तर मला देता येत नाही, कारण हा सौदा नाही. मित्राचं बाड वाचलं म्हणून त्यानं माझे माळ्यावरचे गठ्ठे कमी करावेत, असं मी म्हणू शकत नाही. आमच्या गावच्या रस्त्यावर उन्हाळ्यात एक गृहस्थ पाणपोई लावायचे. रांजण भरायचे, ओलं फडकं गुंडाळायचे, वर झाकण. ते स्वतः प्रवासाला जात तेव्हा त्यांच्या वाटेवर कुणी पाणपोई लावली असेल याची खात्री त्यांना नव्हती. तरी त्या रस्त्यानं जाणाऱ्यांना पाणी मिळत होतं, आणि पाणपोई ही गोष्ट त्या मुलखात टिकून होती. भाषेचंही मला असंच वाटतं. मराठीत वाचक उरले नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांत आपण लिहिणारे सर्वांत पुढे असतो. त्यांतल्या प्रत्येकानं वर्षाकाठी एका अनोळखी माणसाचं बाड शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि जे वाटलं ते खरं कळवलं, तर निदान ती शांतता तरी कमी होईल.

निराशा मला अजूनही येते. तिच्यावर मात केली असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात जुनं दुखणं वर यावं तशी ती येते आणि जाते. फरक एवढाच पडला, की ती आली म्हणजे आपण कुठे तरी कमी पडलो असं आता वाटत नाही. अशा दिवशी मी स्वतःचं लिहायला बसत नाही. कुणाची तरी कथा आलेली असते. सध्या वाशीमच्या एका मुलीच्या दोन आहेत, पहिली बेतास बात, दुसरी अर्ध्यापर्यंत फार चांगली. अर्ध्यानंतर ती कुठे घसरते ते शोधून तिला कळवायचं आहे. पेन्सिलीला टोक करून घेतलं आहे.