देवीचा कोंड आणि बाकीची नदी

महाड तालुक्यात काळ नदीच्या खडकाळ पात्रात वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे. कुणी जाळं टाकत नाही, गळ लावत नाही. चुरमुरे फेकले की मोठमोठे महसीर वर येतात. ब्रिटिश निसर्ग अभ्यासक सायक्सनं 1839 साली मुळा-मुठेतल्या ज्या माशाचं वर्णन केलं, त्याच जातकुळीचे हे मासे. आज पुण्याखालच्या त्या पाण्याची अवस्था सांगायला नको.

सह्याद्रीतल्या बऱ्याच नद्या बारमाही नाहीत. होळीनंतर धार तुटते आणि उरलासुरला मासा डोहांत कोंडला जातो. अशा वेळी दोन रात्री जाळं फिरलं, तरी पुढच्या पावसात वर चढायला काही उरत नाही. महसीर सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो. थोराड मादी गेली की तिच्यासोबत पुढची कितीतरी वर्षं जातात. मनाई घालणाऱ्यांच्या मनात मत्स्यसंवर्धन नव्हतं, देवीचा धाक होता. पण तो धाक कुठे बसवायचा, हे नदी जवळून पाहिलेल्या माणसांनीच ठरवलं असावं.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक तिथींना मासे मारू नयेत, विकू नयेत अशी आज्ञा आहे. त्या दिवशी ‘केवटभोगां’त, म्हणजे कोळ्यांच्या राखीव पाण्यात, इतर जीवांनाही अभय. राजाची आज्ञा तिथीला बांधलेली होती, देवीची जागेला. जागेवर रोज कुणाची तरी नजर असते, हे तिचं बळ.

तिची मर्यादाही तिथेच आहे. पहिल्या पावसात मासे अंडी पोटात घेऊन ओढ्यांत, शेतांत चढतात. या वलगणीची कोकणात वाट पाहिली जाते. गाबोळीनं भरलेला मासा तर विशेष आवडीचा. कोंडावर हात जोडणारा माणूस ओढ्यावर सापळा लावतो. मला त्यात ढोंग दिसत नाही. मासा मुबलक होता तेव्हा हा वाटा नदीला बहुधा पेलत होता. आता वाटेत बंधारे आहेत, वाळूउपसा आहे. पूर्वी रामेठा ही वनस्पती ठेचून मासे गुंगवत, त्याचा अंमल थोड्या पाण्यापुरता. ब्लीचिंग पावडर पिल्लांसकट डोह रिकामा करते.

दक्षिण कन्नडमधल्या शिशिल गावी कपिला नदीत शिशिलेश्वराचे महसीर असेच राखलेले. 1996 मध्ये कुणीतरी पाण्यात विष कालवलं, हजारो मासे मेले. गावानं त्यांचं स्मारक उभारलं. माशांचं सुतक धरणारं गाव सरकारला सोबतीला मिळत असताना, त्याला फक्त ‘श्रद्धाळू’ म्हणून बाजूला ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

वलगणीचे पहिले काही दिवस निदान वाळणकोंडाच्या वरच्या ओढ्यांत सापळे लागू नयेत, बंधाऱ्यांत माशांना चढायला वाट असावी. यातलं दुसरं काम सरकारचं. पहिलं मात्र गावकीनं देवीच्या नावानं ठरवलं, तरच पाळलं जाईल; तिथे परिपत्रकाला कोण विचारतो?