शतकांच्या शेजारचा रकाना

कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडली, की तुर्भे, जुईनगर आणि मग नेरूळ. २३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज. त्या दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सांगलीच्या स्मृती मानधनाने न्यूझीलंडविरुद्ध ९५ चेंडूंत १०९ धावा केल्या. प्रतिका रावलबरोबर तिने २१२ धावांची सलामी दिली आणि भारत विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. स्मृतीचे हे एकदिवसीय सामन्यांतले १४ वे शतक. कसोटीतली दोन आणि टी-ट्वेन्टीतले एक धरून एकूण १७. महिला क्रिकेटमध्ये एवढी आंतरराष्ट्रीय शतके तोवर फक्त ऑस्ट्रेलियाच्या मेग लॅनिंगच्या नावावर होती.

जागतिक विक्रमाची बरोबरी, आणि आकडा १७. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकरची शतके १००. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुष्कळजण लगेच तुलनेला लागतात आणि तिथेच चूक होते. शतकांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो, सामन्यांचा. तो वाचल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही.

कोपरखैरण्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माथाडी वसाहतींच्या आणि सेक्टरांच्या या गावात रविवारी एकाच मैदानावर तीन-चार सामने चालतात. एकाचा लाँग ऑन दुसऱ्याच्या पॉइंटला खेटून उभा असतो. मैदान रिकामे करून द्यायचे असते, म्हणून षटके सहा किंवा आठ. आठ षटके म्हणजे ४८ चेंडू. त्यातले निम्मे वाट्याला आले तरी २४ चेंडूंत १०० धावा काढायच्या. इथे शतक झाले नाही म्हणून कुणी कुणाच्या फलंदाजीला नावे ठेवत नाही.

आता महिलांच्या कसोटीचा हिशेब पाहू. कसोटी शतकांचा विक्रम इंग्लंडच्या जॅनेट ब्रिटिनचा: २७ कसोटींत पाच शतके. भारतात हा मान इंदूरच्या संध्या अगरवाल यांचा: १३ कसोटींत चार. मिताली राजने २००२ साली टाँटनला २१४ धावा केल्या तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर वीस वर्षे ती खेळत राहिली, पण तिच्या एकूण कसोटी भरल्या १२. सचिनच्या २००. ऑगस्ट २००६ ते ऑगस्ट २०१४ या आठ वर्षांत भारतीय महिला संघ एकही कसोटी खेळला नाही. २०१४ मध्ये दोन झाल्या आणि पुढची आली थेट जून २०२१ मध्ये. स्वतः लॅनिंगच्या वाट्याला सहाच कसोटी आल्या आणि तिच्या १७ शतकांत कसोटीचे एकही नाही.

स्मृती २०२५ अखेरपर्यंत सात कसोटी खेळली. पदार्पण २०१४ चे, अठराव्या वर्षी. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला दिवस-रात्र कसोटी होणार हे कळल्यावर तिने गुलाबी चेंडू मागवून आपल्या खोलीत ठेवला होता. तो कसा दिसतो, हाताला कसा लागतो, याची सवय व्हावी म्हणून. त्या कसोटीत तिने १२७ धावा केल्या. एका कसोटीसाठी एवढी तयारी करावी लागते, कारण पुढची केव्हा मिळेल याचा भरवसा नसतो. जून २०२४ मध्ये चेन्नईला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने १४९ केल्या, शफाली वर्माने २०५. दोघींची सलामी २९२ धावांची, आणि दिवसअखेर फलकावर ४ बाद ५२५. महिलांच्या कसोटीत लोकांना रस वाटत नाही, असे म्हणणाऱ्यांनी त्या एका दिवसाची फलंदाजी पुन्हा पाहावी.

एकदिवसीय सामन्यांत चित्र कसे बदलले, तेही तिच्याच आकड्यांत दिसते. पहिले शतक २०१६ चे, होबार्टचे. तिथपासून २०२२ च्या विश्वचषकापर्यंत पाच शतके झाली. यात २०२० हे पूर्ण वर्ष असे गेले, की भारतीय महिलांचा एकही एकदिवसीय सामना झाला नाही. मग २०२४ मध्ये चार आणि २०२५ मध्ये पाच शतके. १४ पैकी नऊ या दोन वर्षांतली. दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक याच काळात झाले. तिचा खेळ या दोन वर्षांत पिकला, फटक्यांची निवड नेमकी झाली, हे खरेच. पण माधवनगरच्या या मुलीने २०१३ मध्येच महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडून गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या होत्या. भूक तेव्हाही होतीच. २०२५ मध्ये सामन्यामागून सामने मिळाले, आणि एका वर्षात हजार एकदिवसीय धावा करणारी ती पहिली महिला ठरली.

संधी म्हणजे निव्वळ सामन्यांची संख्या नव्हे. फलंदाजीला कोणत्या क्रमांकावर जायचे, हाही संधीचाच भाग. सचिनसारख्या सचिनला पहिले एकदिवसीय शतक ७९ व्या सामन्यात मिळाले, ९ सप्टेंबर १९९४ ला कोलंबोत. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑकलंडला नवज्योत सिद्धूची मान आखडली आणि सचिनने सलामीला पाठवण्याची गळ घातली. कर्णधार अझरुद्दीन आणि व्यवस्थापक अजित वाडेकर यांनी ती मानली. ४९ चेंडूंत ८२ झाल्या आणि सलामीची जागा त्याची झाली. कोलंबोचा सामना धरून उरलेल्या ३८५ सामन्यांत ४९ शतके.

या सगळ्या हिशेबात ज्याचे नाव आवर्जून घ्यावे असा माणूस स्मृतीच्या २०२५ च्या विश्वचषकात भारतीय ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक म्हणून बसला होता. अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी रचत होते, तेव्हा शारदाश्रम शाळेचा हा पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता आणि त्याची पाळी आलीच नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणात त्याने हरियाणाविरुद्ध २६० केल्या. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, ३० शतके. आंतरराष्ट्रीय सामने शून्य, म्हणून आंतरराष्ट्रीय शतकेही शून्य. मधल्या फळीत तेव्हा द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. कुणाला बसवून त्याला खेळवायचे, हा प्रश्न निवड समितीपुढे खराच होता. तरीही शतकांची यादी म्हणजेच गुणवत्तेची यादी मानणाऱ्याला मुजुमदार कुठे बसवायचा, हे सांगावे लागेल.

३० ऑक्टोबरला त्याच नेरूळच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्जला तिसऱ्या क्रमांकावर पाठवण्यात आले. आपल्याला तिसरे जायचे आहे, हे तिला फलंदाजीला उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले होते. याच स्पर्धेत एका सामन्यात तिला वगळलेही होते. तिने नाबाद १२७ केल्या, शतक झाल्यावर बॅटसुद्धा उंचावली नाही, आणि भारत अंतिम फेरीत गेला. २ नोव्हेंबरला विश्वचषक हाती आला.

आता काम आहे ते खालच्या पायरीवर. मुलींचे अनेक दिवसांचे देशांतर्गत सामने २०१८ नंतर बंद पडले होते. ते २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा सुरू झाले. पण ते विभागीय संघांचे, आणि तीन दिवसांचे. पश्चिम विभागाच्या पंधरा-सोळा जागा महाराष्ट्र, मुंबई, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र अशा पाच संघांतून भरायच्या असतात. रणजीत या पाचही संघांतल्या मुलग्यांना दर मोसमात चार दिवसांचे सामने मिळतात. मुलींनाही ते राज्य संघाकडूनच मिळायला हवेत, दरवर्षी, आणि त्यांची तारीखवार कार्यक्रमपत्रिका मोसमाआधी जाहीर व्हायला हवी.