ढकलणारा हात

गेल्या मे महिन्यात भाचीला पोहण्याच्या क्लासला न्यायचं काम माझ्याकडे आलं. वर्क फ्रॉम होम करणारा मामा म्हणजे रिकामा मामा, असा आमच्या घरात समज आहे. भाची नऊ वर्षांची. पहिले चार दिवस ती पायरीवर बसून नुसते पाय हलवत राहिली. पाचव्या दिवशी कोच माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा. मामा दिसतोय म्हणून लाड चाललेत. एकदा ढकलली की येईल आपोआप. सगळी अशीच शिकतात."

मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो आणि ताईला फोन लावला. ताई म्हणाली, "अरे, ढकलू दे ना! तू नाही का तसाच शिकलास?"

खरं आहे. मी तसाच शिकलो. पण ताईच्या त्या वाक्यापाशी मी जो अडकलो, तो अजून पुरता सुटलेलो नाही.

माझी शाळा मिशनऱ्यांची. जिल्ह्याच्या गावातली, दगडी इमारतीची, आणि इमारतीच्या चौपट मोठ्या मैदानाची. गावात तिची ओळख अभ्यासापेक्षा खेळामुळे होती. सकाळी साडेसहाला आम्ही मैदानावर. होस्टेलची मुलं त्याआधीच दोन फेऱ्या मारून घामाघूम झालेली असत. मग हातपाय धुऊन प्रार्थना. वर्गात बहुतेक हिंदू, काही मुसलमान, आणि होस्टेलवर राहणारी ख्रिस्ती मुलं. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ. माझ्या आजीला तिचं काही वाटत नसे. "देवाचंच नाव घेतायत ना," म्हणायची. बुधवारी पांढरे बूट. पॉलिश संपलं असेल तर वर्गातल्या खडूने रंगवायचे.

त्या शाळेने मला एक गोष्ट दिली, जी पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी दिली नाही. गणितात मी वर्गात पहिला असायचो आणि मैदानावर शेवटचा. माझ्याच वर्गातला एक मुलगा गणितात कायम नापास. पण तो जिल्हा स्पर्धेत आठशे मीटरला पहिला आला, तेव्हा फादरांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावलं आणि अख्खी शाळा टाळ्या वाजवत राहिली. हुशारी एकाच जातीची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटून पहिलं येणं कसं असतं आणि तरी शर्यत पूर्ण करायची असते, हेही तिथेच कळलं. खेळाचा आग्रह धरणाऱ्या शाळेबद्दल मी जे काही वाईट लिहीन, ते हे मान्य करून.

शाळेच्या मागे विहीर होती. आठवीतल्या प्रत्येकाला पोहता आलंच पाहिजे, असा नियम. पीटीचे सर पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून तीन दिवस पाण्यात सोडत. चौथ्या दिवशी डबा काढत आणि काठावरून ढकलत. मला ढकललं. मी पाणी प्यायलो, वर आलो, हातपाय झाडले आणि कशीबशी पायरी धरली. आठवड्याभरात मला पोहता येऊ लागलं. आज आठवड्यातून तीनदा मी एक किलोमीटर पोहतो. दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर डोकं शांत होतं ते तेवढाच वेळ. हे सरांचं देणं आहे.

माझ्यानंतर माझ्या बाकावरच्या मित्राचा नंबर होता. त्यालाही ढकललं. तोही वर आला, त्यानेही पायरी धरली. फक्त काठावर चढला तेव्हा भीतीने त्याच्या चड्डीतच झाली होती आणि ते सगळ्यांना दिसलं. मुलांनी त्याला एक नाव पाडलं. ते नाव त्याला दिवाळीपर्यंत पुरलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत परत आलाच नाही. नगरपालिकेच्या शाळेत गेला.

दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. मी गमतीत विचारलं, "विहीर आठवते का रे?" तो म्हणाला, "तुला आठवते. मला दिसते." विसर्जनाला नदीवर गेलं तरी आपण मागेच उभे राहतो, असंही म्हणाला.

एकच विहीर, एकच दिवस, एकच हात. माझ्यासाठी तो हात उपकार ठरला, त्याच्यासाठी नाही. मग तो हात बरोबर होता की चूक?

या प्रश्नाचं फार जुनं रूप मला श्रीनगरला भेटलं. ऑफिसच्या मित्रांबरोबर सहलीला गेलो होतो. दल सरोवरात एका लांबट नावेतून शाळकरी मुलं एका लयीत वल्ही मारत गेली. शिकारावाला म्हणाला, "बिस्को स्कूल." त्या रात्री हॉटेलवर मी त्या शाळेबद्दल वाचत बसलो.

चर्च मिशनरी सोसायटीची ही शाळा. १८९० मध्ये तिथे सेसिल टिंडेल-बिस्को नावाचा तरुण पाद्री आला. १८८४ च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत तो केंब्रिजच्या नावेचा सुकाणूधारी होता. शाळेतली मुलं बहुतेक पंडितांच्या घरातली. अंगात फेरन, थंडीत त्याच्या आत कांगडी, पायांत खडावा. पळणं, वल्ही मारणं, घाम गाळणं ही हलक्या लोकांची कामं. नाव हाकायची ती हांजींनी. आपण शिकून दरबारात कारकून व्हायचं.

१८९१ मध्ये बिस्कोने चामड्याचा फुटबॉल आणला. चामडं म्हणजे विटाळ. मुलं म्हणाली, आम्ही शिवणार नाही. मग त्याने मास्तरांच्या हातात काठ्या दिल्या आणि मुलांना मैदानावर हाकत नेलं. चेंडू मध्ये ठेवला. कुणी हलेना. ठरवलेली मिनिटं संपली आणि काठ्या घेऊन मास्तर धावून आले. पोरं घाबरून चेंडूला लाथा मारू लागली. खडावा उडाल्या, फेरनं गुंतली, बघायला जमलेला गाव ओरडू लागला. इतक्यात चेंडू एका मुलाच्या तोंडावर बसला. तो रडू लागला, की मी बाटलो. बिस्कोने त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवायला लावलं आणि खेळ पुढे चालू.

त्याच वर्षी, १८९१ मध्ये, अमेरिकेत वायएमसीएच्या एका प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधून काढला. १८९५ मध्ये वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल. आपण शाळेत जे खेळतो त्यातलं बरंच या एका कल्पनेतून आलं आहे, की शरीर घडवलं तर माणूस घडतो आणि घडलेला माणूस देवाच्या कामी येतो. इंग्लंडातल्या शाळांत ही कल्पना एकोणिसाव्या शतकात रुजली. बिस्को ती बरोबर घेऊन आला. त्याच्या शाळेत गुण फक्त बुद्धीला नव्हते, शरीराला आणि आत्म्यालाही होते. पोहता न येणाऱ्या मुलाची फी तेराव्या वर्षापासून वाढत जाई. नद्या आणि सरोवरांच्या त्या शहरात बुडून मरणं नेहमीचं. पुढे याच मुलांनी बुडणाऱ्यांना वाचवलं, आगी विझवल्या, पुरात नावा घेऊन धावली. ख्रिस्ती मात्र फारच थोडी झाली.

आता सांगा, त्या काठ्या चूक होत्या का?

माझं पहिलं उत्तर होतं, चूक. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी'त म्हटलं, की एखाद्यावर त्याच्या इच्छेविरुद्ध सक्ती करायची तर दुसऱ्याचं नुकसान टाळण्यासाठीच. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरेसं नाही. मात्र हे लिहून लगेच त्याने दोन अपवाद केले. एक लहान मुलं. दुसरा, 'मागासलेले' समाज, कारण तेही मुलांसारखेच. श्रीनगरच्या मैदानावर बिस्कोला हे दोन्ही अपवाद एकाच वेळी हाताशी होते. समोर मुलं होती, आणि ज्या समाजाला त्याचं साम्राज्य मूल समजत होतं त्या समाजाची मुलं होती. त्याच्या लेखनात या मुलांविषयी माया आहे आणि तुच्छताही आहे. कधी कधी एकाच पानावर.

पण मग मला आपलं पुणं आठवलं. साधारण त्याच दशकात पुण्याच्या मैदानांवर बाळू पालवणकर गोलंदाजी करत होते. पुढे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ते चर्मकार समाजाचे. पुण्यातल्या सवर्ण खेळाडूंनी त्यांच्या हातून आलेला चामड्याचा चेंडू झेलला, पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला. म्हणजे चामडं बाटवतं की नाही, हे जिंकायची गरज ठरवत होती.

हे आठवल्यावर श्रीनगरचा तो रडणारा मुलगा मला वेगळा दिसू लागला. त्याचं 'नाही' आणि माझ्या मित्राचं 'नाही' एक नव्हे. माझा मित्र पाण्याला घाबरत होता. त्याच्या नकाराने कुणाचं काही जात नव्हतं. तो मुलगा मात्र चामड्याला घाबरत होता, कारण चामड्याचं काम करणारी माणसं अपवित्र आहेत असं त्याला घरी शिकवलं होतं. त्याच्या नकाराची किंमत दुसरंच कुणी मोजत होतं. नाव हाकणं हलकं, कारण हांजी हलके. असा नकार मोडायला मिलच्या हिशेबातही जागा आहे. दुसऱ्याचं नुकसान होतं आहेच.

म्हणून सक्ती सरसकट वाईट, असं मी म्हणू शकत नाही. कुणाच्या तरी अंगावर उभा असलेला नकार आणि नुसत्या भीतीचा नकार, यांत फरक करावा लागेल. भीती मोडायची नसते, ती समजून घ्यायची असते. हा फरक करायला वेळ लागतो. काठीला आणि ढकलणाऱ्या हाताला तेवढा वेळ नसतो.

आणखी एक गोष्ट. मी मोबाईल ॲपवर काम करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक रिव्ह्यू ॲप वापरत राहिलेल्यांचे असतात. जो कंटाळून ॲप काढून टाकतो, तो का गेला हे लिहायला क्वचितच थांबतो. नुसते रिव्ह्यू वाचत बसलं तर सगळं छान चाललंय असं वाटतं. फुटबॉलची ती गोष्ट आपल्याला कळते ती बिस्कोच्या तोंडून. तोंड धुऊन परत आलेल्या मुलाने ती कधी लिहिली का, माझ्या वाचनात आलं नाही. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर दर शिक्षकदिनाला कुणी ना कुणी विहिरीची आठवण काढतो आणि खाली हात जोडल्याचे इमोजी पडतात. माझा मित्र त्या ग्रुपवर नाही. 'सगळी अशीच शिकतात' हे कोचांचं वाक्य त्यांच्या दृष्टीने खरंच आहे. जी शिकली नाहीत ती दुसऱ्या दिवशी आली नाहीत, म्हणून मोजली गेली नाहीत.

मला फायदा झाला म्हणजे कृती योग्य होती, असं होत नाही. मी सरांचा ऋणी आहे. पण ते ऋण माझं आहे. त्या बळावर मित्राच्या वतीने त्यांना माफ करायचा हक्क मला नाही. आणि भाचीला ढकलायचा तर नाहीच.

कोचांना मी नाही म्हणालो. भाचीला विचारलं, कशाची भीती वाटते? ती म्हणाली, "मामा, खाली काय आहे ते दिसत नाही." मग मी रोज तिच्याबरोबर उथळ बाजूला उतरू लागलो. महिना संपला. तिला पोहता येत नाही. तोंड पाण्यात घालून अकरापर्यंत आकडे मोजता येतात, एवढंच. ताई म्हणते फी वाया गेली. कदाचित ती कधीच शिकणार नाही, आणि उद्या कुठल्या तलावाकाठी तिचा पाय घसरला तर? न ढकलणाऱ्या हाताचीही जबाबदारी असते. ती मी घेतली आहे, आणि ती हलकी नाही.

हे सगळं लिहून मी त्या मित्राला पाठवलं. त्याच्याबद्दल लिहितोय तर त्याला विचारायला हवं होतं. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. नाव घातलं नाहीस ना, मग छाप, म्हणाला. सरांबद्दल त्याने एक शब्दही लिहिला नव्हता. फक्त एक दुरुस्ती सांगितली होती.

"'मुलांनी नाव पाडलं' असं लिहिलंयस. ते नाव तू पाडलं होतंस."

मी खूप वेळ मोबाईल हातात धरून बसलो. मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

सरांचा हात एक सेकंदाचा होता. त्यानंतर दिवाळीपर्यंत जे चाललं ते आमचं होतं. रोज सकाळी प्रार्थना म्हणून वर्गात जाणाऱ्यांचं. श्रीनगरचा तो मुलगा तोंड धुऊन परत आला, तेव्हा त्याच्या बाकावरच्या मुलाने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हा प्रश्न मला एवढं वाचूनही पडला नव्हता.

वरचं ते वाक्य मी बदललेलं नाही. मित्राला कळवलं, की दुरुस्ती शेवटी छापतोय. आणि सॉरी म्हणालो, चौदा वर्षांनी. मेसेजपुढे दोन निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही.