फोटोची मागची बाजू



सणाची मिस्सा संपते न संपते तोच फोटो आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचतात. फुलांनी सजलेली वेदी, मिरवणूक, पांढऱ्या पोशाखात प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणारी मुले. आपण ते कौतुकाने पाहतो आणि पुढे पाठवतो. कुणी स्टेटसला ठेवतो, कुणी त्यावर शुभेच्छा लिहून नवे कार्ड तयार करतो. अंधेरीचा फोटो संध्याकाळी मुलुंडला आणि रात्री आखाती देशातल्या नातेवाइकांकडे गेलेला असतो. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: हा फोटो काढला कुणी?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण त्याच्यामागे न्यायाचा एक जुना प्रश्न उभा आहे, म्हणून आज त्यावर थोडा विचार करावा असे आम्हांला वाटते.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपल्यापैकी कुणीही विसरलेले नाही. त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला आणि तिथे पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. समोरच्याच इमारतीत तेव्हाच्या ‘मुंबई मिरर’ या दैनिकाचे कार्यालय होते. तिथले छायाचित्र संपादक सेबास्टियन डिसोझा कॅमेरा आणि दोन लेन्स घेऊन स्थानकात धावले. रेल्वेच्या रिकाम्या डब्याचा आडोसा घेऊन, फ्लॅश न वापरता, ते फोटो काढत राहिले. पाठीवर पिशवी, हातात बंदूक घेऊन चालणाऱ्या तरुणाचा त्यांनी टिपलेला फोटो जगभर गेला. आजही तो डोळ्यांसमोर आणायला आपल्याला क्षणभर लागत नाही.

आपण त्याला काय म्हणतो? ‘कसाबचा फोटो’. खरे तर तो डिसोझांचा फोटो आहे. ज्याने माणसे मारली त्याचे नाव पोराबाळांना पाठ आहे, आणि ज्याने जीव धोक्यात घालून ते जगाला दाखवले त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. २००९ मध्ये ऑर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात खटला चालला. तिथे डिसोझा स्वतः साक्षीला उभे राहिले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर यांनीही त्या रात्री फोटो काढले होते, त्यांचीही साक्ष झाली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात या दोघांच्या कर्तव्यनिष्ठेची आवर्जून दखल घेतली. विचार करा, फोटो तर सगळ्या जगाने पाहिला होता. मग त्यांना बोलावण्याची गरज काय होती? गरज होती, कारण नुसता फोटो बोलत नाही. ‘त्या वेळी मी तिथे होतो, हे मी पाहिले, हा फोटो मी काढला,’ असे सांगणारा माणूस त्याच्यामागे उभा राहावा लागतो. उलटतपासणी माणसाची होते, कागदाची नव्हे.

म्हणून फोटोखाली छापलेले नाव ही केवळ काढणाऱ्याची हौस नव्हे. ती त्याची सही आहे. आता तर संगणक कधीही न घडलेल्या प्रसंगाचे हुबेहूब चित्र बनवून देतो. अशा काळात बेवारशी फोटोवर विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा? छायाचित्रकाराचे नाव पुसले की आपण त्याचे नुकसान करतोच. पण साक्षीदाराला साक्षीपासून तोडून पाहणाऱ्यांचेही नुकसान करतो. दुसऱ्याचा फोटो न विचारता वापरणे हा सातव्या आज्ञेचा विषय आहे हे पटकन कळते. तो आठव्या आज्ञेचाही विषय आहे, हे ध्यानात यायला वेळ लागतो. संत थॉमस अक्वायनस यांनी सत्यवचनाला न्यायाशी जोडलेला सद्गुण मानले ते यासाठीच. ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय, आणि सत्य हे आपण एकमेकांना देणे लागतो.

कायदा याविषयी काय म्हणतो? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जो फोटो काढतो तो त्या फोटोचा कर्ता. हक्क मिळण्यासाठी नोंदणी करण्याची सक्ती नाही. पूर्वी हा हक्क फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकत असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. खाजगी वापरासाठी कायद्याने मोकळीक ठेवली आहे, तेव्हा घरात बसून फोटो पाहणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण कोपऱ्यात लिहिलेले नाव जाणूनबुजून, परवानगी नसताना काढून टाकणे हा त्याच दुरुस्तीने गुन्हा ठरवला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

या कायद्यात एक गोष्ट अशी आहे की तिने आपला नेहमीचा समज उलटा होतो. आपण पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला हक्क आपल्याकडे येतो. मात्र युवक मंडळातला एखादा मुलगा सेवा म्हणून, एक पैसाही न घेता फोटो काढतो, तेव्हा त्या फोटोंचा पूर्ण हक्क त्याचाच राहतो. आपण समजतो, ‘आपलाच मुलगा आहे, त्याला काय विचारायचे?’ खरे पाहता त्यालाच आधी विचारायला हवे. आणि पैसे दिले तरी एक गोष्ट विकत मिळत नाही. हक्क दुसऱ्याला दिल्यावरही ‘हे काम माझे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याकडेच ठेवला आहे. मेहनताना चुकता होतो. कर्तेपण चुकते होत नाही.

आपल्या उपनगरांतल्या गावठाणांत रस्त्याकडेचे जुने क्रूस आहेत. त्यांपैकी कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीच्या आठवणीतले आहेत. चौथऱ्यावर बहुधा क्रूस उभारणाऱ्याचे नाव आणि साल कोरलेले असते. ज्या पाथरवटाने ते कोरले त्याचे नाव क्वचितच सापडते. खर्च करणाऱ्याची आठवण राहते, हात राबवणाऱ्याची राहत नाही, ही माणसाची जुनी सवय आहे. तिच्यात दुष्टपणा असतोच असेही नाही. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे शिक्षण मुंबईत झाले. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात, कारण त्या नवख्या होत्या आणि स्त्री होत्या. पतीनेच त्यांना ही कला शिकवली होती. घरात कुणी कुणाला फसवले नव्हते. तरी वाचकांना नाव मात्र चुकीचे मिळत होते. पुढे स्वातंत्र्याच्या काळाचे त्यांनी टिपलेले फोटो देशाचा ठेवा झाले आणि २०११ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांना पद्मविभूषण मिळाले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा: एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्याचा उजेड कमी होत नाही. फोटोची प्रत केल्याने कुणाचे काय गेले? खरे आहे, फोटो जागच्या जागी राहतो. पण त्याच्यावर पोट असलेल्याचे पुढचे काम जाते. ज्याचे नाव कुणाला कळलेच नाही, त्याला लग्नाचे काम कोण सांगणार?

दुसरा आक्षेप आपल्या माणसांच्या तोंडी अधिक असतो: देवाच्या कामाला नाव कशाला हवे? सेवा गुप्त असावी. हेही खरे आहे. पण स्वतःचे नाव मागे ठेवणे हा ज्याचा त्याचा त्याग असतो. दुसऱ्याचे नाव खोडून तो त्याग आपण त्याच्यावर लादू शकत नाही. नम्रता स्वतःसाठी असते, शेजाऱ्यासाठी न्याय. ‘माझे नाव नको’ असे त्याने स्वतः सांगितले, तर तेही तितक्याच आदराने पाळावे.

घरातला जुना अल्बम काढून आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो उलटून पाहा. मागे बहुधा स्टुडिओचा शिक्का दिसेल. मोबाइलमधल्या फोटोला मागची बाजूच नसते. उलट, व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्याच्यात साठवलेली वेळेची, कॅमेऱ्याची, काही वेळा काढणाऱ्याच्या नावाची नोंदही गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती टिकते. यंत्राने शिक्का सोडला म्हणून तो मारण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.

ते काम फार मोठे नाही. फोटो पाठवताना त्याच संदेशात काढणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी. स्मरणिकेत किंवा फलकावर छापण्याआधी त्याला विचारावे. कोपऱ्यातले नाव कापू नये. नाव ठाऊक नसेल तर दोन ठिकाणी चौकशी करावी, आणि तरीही कळले नाही तर तसे स्पष्ट लिहावे. आपल्या या पत्रिकेसाठी फोटो देतानाही नाव सोबत द्यावे, ही विनंती.

येत्या सणालाही कुणीतरी मिरवणुकीपुढे उलटे चालत, धक्के खात आपले फोटो काढील, आणि त्यातल्या एकाही फोटोत तो स्वतः नसेल. निदान फोटोखाली तरी तो असावा.