सुपरमॅनचे आईबाप

चि. मिहिर,


तुझं पत्र दोनदा वाचलं. सुपरहिरोंच्या त्याच त्या काळ्याकुट्ट गोष्टींचा वीट आलाय, ही तुझी पहिली तक्रार. जेम्स गनच्या 2025 च्या सिनेमानं सुपरमॅनची जन्मकथा बिघडवली, ही दुसरी. तुझ्या मते दोन्हींचं मूळ एकच : लेखकांना जुन्या गोष्टीची चाड नाही, म्हणून ते ती बदलतात आणि बदलताना काळी करून ठेवतात. पहिली तक्रार मला मान्य. दुसरी अजिबात नाही, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

जुनी गोष्ट म्हणजे नेमकी कुठली, ते आधी बघ. जून 1938 च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन तरुणांनी सुपरमॅनचा जन्म एका पानात उरकला होता. त्या पानावर सुपरमॅनला वाढवणाऱ्या केंट नवरा-बायकोचा पत्ताच नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एका मोटारवाल्याला बाळ सापडतं, तो ते अनाथाश्रमात नेऊन देतो, संपलं. हा सुपरमॅन उडत नाही, नुसत्या लांब उड्या मारतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला उचलून भिंतीवर आपटतो, एका राजकीय दलालाला बखोटीला धरून तारांवरून पळवतो. तुला आवडणारा सौम्य, सोशिक सुपरमॅन पुढच्या लेखकांनी हळूहळू घडवला.

आमचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, हाही असाच बदलत गेलेला. ली फॉकनं 1936 मध्ये त्याची सुरुवात केली, तेव्हा मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, रिकामटेकडा तरुण निघणार असं त्याच्या मनात होतं. गोष्ट चालू असतानाच त्यानं बेत बदलला आणि बापाकडून मुलाकडे चालत आलेली चारशे वर्षांची परंपरा उभी केली. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आमच्यापर्यंत आला तेव्हा त्याच्या देशाचं नावसुद्धा बदलून डेंकाली झालेलं होतं. आम्ही डेंकालीच खरी मानून मोठे झालो आणि आमचं काही अडलं नाही.

तेव्हा बदल केला म्हणून रागावू नकोस. बदलानं नायकाचं काय झालं, ते विचार.

गनच्या सिनेमात सुपरमॅन मार खाऊन आपल्या बर्फातल्या किल्ल्यात येतो. यंत्रमानव त्याच्यावर उपचार करत असतात आणि मन शांत व्हावं म्हणून तो क्रिप्टॉन या जन्मग्रहावरच्या आईबापांचा जुना संदेश लावायला सांगतो. संदेश अर्धाच उरलाय, पण त्या अर्ध्यावर त्यानं आयुष्य बेतलंय : लोकांच्या उपयोगी पड. पुढे त्याचा वैरी लूथर उरलेला अर्धा मिळवतो आणि जगाला ऐकवतो. त्यात आईबाप सांगतात की, तिथली माणसं दुबळी आहेत, त्यांच्यावर राज्य कर. तू इथेच चिडलास. जॉर-एलसारख्या थोर बापाला खलनायक केलं म्हणतोस.

पण सिनेमा त्यापुढे कुठे जातो? कॅन्ससच्या शेतावर. बोलताना अडखळणारा, साधा शेतकरी बाप मुलाला सांगतो की, तू काय व्हायचंस हे ठरवणं आईबापाचं काम नव्हे, तू जे करतोस त्यावरून तू ठरतोस. आणि शेवटी किल्ल्यात उपचार चालू असताना यंत्रमानव पुन्हा ‘आईबापांची’ फीत लावतो, तेव्हा पडद्यावर केंट दिसतात, घरगुती कॅमेऱ्यातले, पोराला खेळवणारे. जन्मकथेत काळोख आला खरा, पण नायक उजळला. आधी त्याचा चांगुलपणा वारशानं आलेला होता, आता तो त्याचा स्वतःचा झाला. कुंतीनं खरं कूळ सांगितल्यावरही राधेयच राहणारा कर्ण आपल्याला कळतो, मग हा कळायला जड का जावा? शिवाय ही वाट गनची एकट्याची नाही. जॉन बर्ननं 1986 च्या ‘द मॅन ऑफ स्टील’मध्ये क्रिप्टॉन असाच थंड, स्पर्शही टाळणाऱ्या माणसांचा ग्रह करून टाकला होता आणि केंटना जिवंत ठेवलं होतं.

आता उलटं उदाहरण घे. बापाचा मृत्यू. 1978 च्या रिचर्ड डोनरच्या सिनेमात केंट अंगणात चालता चालता हृदयविकारानं कोसळतो. एवढी ताकद अंगात असून मी त्यांना वाचवू शकलो नाही, हे पोराला स्मशानात उमगतं. 2013 च्या झॅक स्नायडरच्या सिनेमात तोच बाप वादळात सापडतो. क्लार्क, म्हणजे सुपरमॅन, त्याला सहज वाचवू शकला असता, पण बाप दुरून हात वर करून थांब म्हणतो, कारण लोकांना तुझी शक्ती कळता कामा नये. याच बापाला मुलानं लहानपणी विचारलेलं असतं की, बस नदीत पडली तेव्हा मी मुलांना मरू द्यायचं होतं का? उत्तर येतं, कदाचित. मरण दोन्हीकडे आहे. पण पहिलं मरण मुलाला नम्र करतं, दुसरं लपायला शिकवतं. लपायला शिकलेला मुलगा पुढे सुपरमॅन का होतो, हे त्या सिनेमाला मला पटवता आलं नाही. माझ्या लेखी तो बदल फसला.

अंधाराबद्दल तुझ्याशी भांडण नाही. 1986 मध्ये फ्रँक मिलरचा ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आणि अॅलन मूर-डेव्ह गिबन्स यांचा ‘वॉचमेन’ आला. दोन्ही अजून वाचावेत असे आहेत, कारण त्यांतल्या काळोखाला प्रश्न होते : मुखवटा घालून कायदा हातात घेणारा माणूस असतो तरी कसा, त्याच्यावर लक्ष कोणी ठेवायचं? मागून येणाऱ्यांनी प्रश्न सोडले आणि रक्त तेवढं उचललं. नुसतं तिखट ओतून रस्सा होत नाही. मूर स्वतःच पुढे या अनुकरणाला वैतागला.

मात्र वाचकांनी साळसूदपणा करू नये. 1988 मध्ये बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर डीसीनं टेलिफोनवरून मतं मागवली होती. मरावा म्हणणारी 5,343, जगावा म्हणणारी 5,271. पोराला लेखकानं नव्हे, बहात्तर मतांनी मारलं. मार्व्हलनं 2016 मध्ये कॅप्टन अमेरिकाला पूर्वीपासूनच हायड्रा या दुष्ट संघटनेचा हस्तक दाखवलं, तेव्हा झालेला संताप मात्र मला योग्य वाटतो. जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू चित्रकथाकारांनी 1941 च्या पहिल्याच मुखपृष्ठावर ज्याला हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवलं, त्याचा असा वापर म्हणजे नुसती खळबळ. पुढे तो बदल एका जादूई घनाच्या माथी मारून मागेही घेतला. परत फिरवायचाच होता तर केला कशाला?

ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ तुझ्याकडे नसेल, म्हणून पाठवतोय. त्यात अख्खी जन्मकथा एका पानात, चार चौकटींत आणि इंग्रजी आठ शब्दांत आटोपली आहे. सुपरमॅन त्यात मरणाच्या दारात आहे, म्हणजे विषय काही हलका नाही. पण दहाव्या अंकात एक मुलगी उंच इमारतीच्या कडेवर उभी असते. तो तिच्या मागे येऊन उभा राहतो, तुझ्या डॉक्टरला खरंच उशीर झाला होता असं सांगतो आणि तिला जवळ घेतो. ते पान सावकाश बघ. गनच्या सिनेमाबद्दल तुझं मत तरीही तेच राहिलं तर खुशाल कळव, पण पुढच्या वेळी ‘मूळ गोष्ट’ लिहिताना साल लिहीत जा.

तुझा,
बापूमामा